दात सरळ होताना

दात जबड्यात खिळ्यासारखा पक्का ठोकलेला असतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः दाताचे मूळ व हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे आवरण असते. तारेचा सौम्य पण अखंड दाब पडू लागला, की दात ज्या बाजूला रेटला जातो तेथील हाड विरघळते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागी नवे हाड तयार होते. प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली धातूची पट्टी व दोरे यांनी दात सरळ करण्याची रीत ग्रंथात वर्णिली. पुढे साधने बदलली, निकेल-टायटॅनियमच्या लवचिक तारांनी दाब हलका केला. परंतु हाडाची ही मोडणी-बांधणी आजही तीच आहे.

उपचारातील वेदना बहुधा या बांधकामाचीच खूण असते. तार आवळल्यावर काही तासांनी ठणका सुरू होतो, सुमारे २४ तासांनी तो सर्वांत तीव्र होतो आणि आठवड्याभरात ओसरतो. हा क्रम मुलांना व पालकांना आधी समजावून सांगितला नाही, तर घाबरून उपचार अर्ध्यावर सोडले जातात. मग दात पुन्हा मूळ जागेकडे सरकू लागतात आणि सोसलेले सारे व्यर्थ जाते.

पहिले काही दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, दूधपोळी असा आहार ठेवावा. चिक्की, ऊस, सुपारी हे पदार्थ उपचार संपेपर्यंत वर्ज्यच समजावेत. त्यांनी तार वाकते, दातावरील कड्या निखळतात. गालाला तार घासत असेल, तर दंतवैद्याकडे मिळणारे मेण तिच्यावर बसवावे. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी हुळहुळलेल्या त्वचेला आराम पडतो. ठणका असह्य झाल्यास दंतवैद्याने सांगितलेल्या मात्रेतच वेदनाशामक घ्यावे. दुखते म्हणून दात घासण्याचे मात्र टाळू नये. अडकलेल्या अन्नकणांनी हिरड्या सुजतात आणि एका दुखण्यात दुसऱ्याची भर पडते.

तार टोचू लागली, सूज आली किंवा ठणका आठवड्यानंतरही कमी झाला नाही, तर पुढच्या ठरलेल्या भेटीची वाट पाहू नये. तार घरी कापण्याचे धाडसही करू नये.

अधिक आवळल्याने दात लवकर सरकतात, हाही एक भ्रम आहे. अतिरिक्त दाबाने तंतूंचा रक्तपुरवठा खुंटतो आणि दाताची हालचाल उलट मंदावते. हाड आपल्या गतीनेच बदलते. त्या गतीशी जुळवून घेणे यातच उपचाराचे यश आहे.