परतून येणारा ताप

जव्हारच्या पेठेत दुकान सांभाळणाऱ्या माणसाला आजारपणास सवड नसते. बारीक ताप आला की औषधाच्या दुकानातून चार गोळ्या आणायच्या, बरे वाटताच त्या थांबवायच्या आणि पुन्हा गल्ल्यावर बसायचे. पंधरवड्याने ताप परततो. पुन्हा तोच उपाय. हृदयाची झडप आधीच अधू असेल, तर ही सवय जिवावर बेतू शकते.

आपल्या मुखात असंख्य सूक्ष्म जीव निरुपद्रवीपणे नांदतात. स्ट्रेप्टोकोकस हे त्यांतील परिचित नाव. तसेच दिसणारे, परंतु वेगळ्या कुळातील काही जिवाणू म्हणजे ॲबिओट्रोफिया, ग्रॅन्युलिकॅटेला आणि जेमेला. किडलेला दात वा सुजलेली हिरडी यांच्या वाटेने ते रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांना बहुधा परतवते. सांधेतापाने जखडलेल्या किंवा कृत्रिम झडपेवर मात्र ते ठाण मांडतात. ताप, घाम, थकवा आणि उतरणारे वजन, एवढ्याच खुणा कित्येक आठवडे दिसतात.

यांपैकी काहींची ओळख पटणेही कठीण. १९६१ साली फ्रेंकेल आणि हिर्श या संशोधकांना असे स्ट्रेप्टोकोकससदृश जिवाणू आढळले, जे दुसऱ्या जंतूच्या आधाराखेरीज नीट वाढत नव्हते. त्यांना पायरिडॉक्सल हे ‘ब-६’ जीवनसत्त्वाचे रूप बाहेरून लागते, हे पुढे उमगले. ते नसलेल्या थाळीत त्यांची वाढ होत नाही आणि रोगाचे मूळ हाती लागत नाही.

नेमके नाव कळण्यास महत्त्व आहे. इडलीचे पीठ फुगवणाऱ्या ल्युकोनोस्टॉकवर व्हॅन्कोमायसिन हे प्रबळ औषधही मुळातच चालत नाही. खाण्यातून तो निरोगी माणसाला अपाय करत नाही. परंतु अतिदुर्बळ रुग्णाच्या रक्तात क्वचित शिरला, तर उपचाराची दिशाच बदलावी लागते.

म्हणून ताप आठवडाभर रेंगाळला किंवा परतून आला, तर पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. झडपेचा विकार असल्यास तो प्रथम सांगावा. प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी रक्तसंवर्धनासाठी रक्त घ्यावे काय, हे आवर्जून विचारावे. अर्धवट घेतलेल्या गोळ्या जंतूला मारत नाहीत, केवळ लपवतात. प्रकृती गंभीर असेल, तर मात्र तपासणीसाठी उपचार खोळंबू देऊ नयेत. या तपासणीसाठी नाशिकला जावे लागले, तरी तो दिवस वाया गेला असे मानू नये. झडपेला संसर्ग झाल्यास शिरेतून चार ते सहा आठवडे औषध घ्यावे लागते, कधी शस्त्रक्रियाही.

कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्यापूर्वी हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा आणि दात नित्य स्वच्छ ठेवावेत. हिशेबाच्या वहीत एका पैशाचीही चूक आपण खपवून घेत नाही. मग शरीराने पुन्हा पुन्हा दाखवलेली चूक तरी का खपवून घ्यावी?