दोन कुरव

नाताळच्या सुटींत समुद्रकिनारीं जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं कोळ्यांच्या होड्यांभोंवतीं घिरट्या घालणारे पांढरे पक्षी पाहिलेच असतील. मराठींत त्यांना कुरव म्हणतात. कोंकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यांत कुरवांच्या अनेक जाती येतात. परंतु त्यांपैकीं दोन इतक्या मिळत्याजुळत्या आहेत कीं, नवशिक्याची फसगत हटकून व्हावी. एक तपकिरी डोक्याचा कुरव व दुसरा काळ्या डोक्याचा कुरव.

नांवें ऐकून वाटतें, ओळखणें किती सोपें! परंतु येथेंच मेख आहे. डोक्यावरील ही रंगीत टोपी केवळ विणीच्या हंगामांतली. आपल्याकडे ऐन हिवाळ्यांत पाहावें, तों दोघांचींही डोकीं पांढरीं झालेलीं असतात आणि कानापाशीं एक काळसर ठिपका तेवढा उरतो. पाठ दोघांचीही करडी, पाय दोघांचेही लालसर. शिवाय काळ्या डोक्याच्या कुरवाची टोपीदेखील खरोखर काळी नसून गडद तपकिरी असते! तात्पर्य, नांवावर विसंबूं नये.

मग ओळखावें कसें? प्रथम डोळा पाहावा. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचें बुबुळ फिकट असतें, दुसऱ्याचें गडद. परंतु पहिल्या जातीच्या कोंवळ्या वयाच्या पक्ष्याचाही डोळा गडदच असतो. शेपटीच्या टोंकाशीं काळा पट्टा दिसल्यास पक्षी लहान वयाचा समजावा व डोळ्यावरून निर्णय करूं नये. अशा वेळीं तो उडेपर्यंत धीर धरावा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेस लांब पांढरी पट्टी चमकते आणि काळा रंग पिसांच्या टोंकांपुरताच असतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचें पंखाग्र चांगलें रुंद काळें असतें व प्रौढांच्या त्या काळ्या भागांत पांढरे ठिपके उठून दिसतात. तो अंगानें थोराड व चोंचीनें जाडही असतो. मात्र दोघे शेजारीं उभे असतील तरच ही खूण उपयोगी पडते.

आम्हीही एका हिवाळ्यांत वाळूवर बसलेला सबंध थवा काळ्या डोक्याचा म्हणून वहींत उतरविला होता. इतक्यांत एक कुत्रें धांवत आलें, थवा उडाला, आणि पाहतों तों बहुतेकांचीं पंखाग्रें काळींभोर! तें पान आम्हांस खोडावें लागलें. तेव्हांपासून शंका असेल तेथें आम्ही केवळ ‘कुरव’ एवढेंच लिहितों.

ही सावधगिरी निरर्थक नव्हे. 1987 पासून दर जानेवारींत आशियांतील पाणपक्ष्यांची गणना होते व तींत हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमा होतात. कोणती जात वाढत आहे व कोणती घटत आहे, हें अशाच नोंदींवरून ठरवावयाचें असतें. अजाणतेपणीं लिहिलेलें एक चुकीचें नांव तेथें खोटी साक्ष होऊन बसतें.

थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली ह्यांनीं बालपणीं गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी पाहिली. ती कोणती हें न कळल्यामुळेंच ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत विचारावयास गेले आणि तेथून त्यांच्या अभ्यासास आरंभ झाला. म्हणून बालमित्रहो, ‘मला ठाऊक नाहीं’ असें वहींत लिहिण्यास लाजूं नका. तें प्रामाणिकपणें लिहून पुन्हां किनाऱ्यावर जाणें, हाच ज्ञानाचा मार्ग होय.