बांध राखणाऱ्यांचं विज्ञान

घारापुरी बेटावरून रात्री समुद्रापलीकडे पाहिलं की न्हावा-शेव्याच्या क्रेनचे दिवे दिसतात. दुसऱ्या अंगाला ट्रॉम्बेचा किनारा आहे. तिथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघ सोडला तर आशियात तोवर अशी भट्टी कुणी उभारली नव्हती. या दोन्ही किनाऱ्यांच्या मधोमध असलेल्या घारापुरीत मात्र कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकली, तेव्हा शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांना रात्रभर दिवा मिळाला. तोवर जनित्र चालायचं ते संध्याकाळचे काही तास. त्यानंतर अंधार, आणि समोर लखलखणारं बंदर.

अणूचं विभाजन साधल्यावर तार पोचायला बासष्ट वर्षं लागली. ही तुलना मी कुणाला हिणवण्यासाठी करत नाही. अणुभट्टी उभारणाऱ्यांची धडपड खरी होती, आणि गरीब देशाने अशी मोठी स्वप्नं पाहू नयेत हे मला कधीच पटलेलं नाही. पण विज्ञान-तंत्रज्ञानाने राष्ट्र पुढे जातं असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुठपर्यंत पोचलं आणि पोचल्यावर टिकलं का, हेही विचारायला हवं. रायगडचा किनारा हा प्रश्न विचारायला फार चांगली जागा आहे. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या या पट्ट्यात गेल्या सव्वाशे वर्षांत जवळजवळ प्रत्येक प्रकारचं आधुनिक तंत्र येऊन उतरलं आहे.

न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. कंटेनर म्हणजे एक लोखंडी पेटी, तिच्यात तसं विज्ञान ते काय? पण १९५६ साली अमेरिकेत माल्कम मॅक्लीनने अठ्ठावन्न पेट्या जहाजावर चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला पाठवल्या आणि त्यानंतर जगाचा व्यापारच बदलला. आठवडाभर माथाडींच्या पाठीवरून उतरणारा माल तासांत उतरू लागला. भारताला हे तंत्र हवंच होतं. ते आलं ते उरणच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच जण गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून ‘साडेबारा टक्के’ हा शब्द जन्माला आला. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, असं ते सूत्र. माझ्या मते हा शोध क्रेनइतकाच महत्त्वाचा आहे. ज्याच्या शेतावर बंदर उभं राहिलं, त्याला बंदरामुळे वाढलेल्या किमतीत वाटा, हा विचार अभियंत्यांच्या आराखड्यात नव्हता. तो उरण तालुक्यातल्या जासईच्या रस्त्यावरून आला. आणि बंदराच्या प्रकल्पग्रस्तांच्या हाती त्याची इरादापत्रं पडायला २०१४ उजाडलं.

अलिबागजवळच्या थळचा खत कारखाना ही त्याच काळातली गोष्ट. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या फलाटाने बॉम्बे हायला तेल शोधलं. तेलाबरोबर निघणारा वायू पाइपातून उरणला आला आणि तिथून थळला. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली एकत्र आणून अमोनिया करायचा, त्याचा युरिया. ही क्रिया जर्मनीत १९१३ साली कारखान्याच्या पातळीवर पोचली होती. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाची जहाजं कधी लागतात याकडे डोळे लावून बसलेला आपला देश वीस वर्षांत समुद्राखालच्या वायूपासून शेतातलं खत बनवू लागला, ही खरोखरच मोठी मजल आहे. युरिया स्वस्त म्हणून तो अती पडू लागला आणि जमिनीचा समतोल बिघडला, हे दुखणं त्याच मजलेच्या पोटातून आलं. त्याला कारखाना जबाबदार नाही. माती तपासून खताचा हिशेब सांगणारा माणूस आपण गावोगाव उभा केला नाही.

ज्या जागेबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, ती याहून खूप शांत आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ला पाहायला हजारो लोक येतात. जवळच असलेल्या चुंबकीय वेधशाळेकडे फारशा कुणाचं लक्ष जात नाही.

ही वेधशाळा अलिबागला आली ती मुंबईच्या ट्राममुळे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीपासून होत होत्या. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या स्फोटाने पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. इतक्या वर्षांनी, २००३ साली, भारतीय शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात त्याच नोंदीवरून वादळाची ताकद नव्याने काढण्यात आली. त्या दिवशी कुलाब्यात सुईकडे डोळे लावून आकडे लिहिणाऱ्याला ते कशाचे आहेत हे ठाऊक नव्हतं. त्याने ते नीट लिहिले, एवढंच.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह जिथे वाहतो तिथे स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे कुलाब्याच्या नोंदी नासणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांच्या देखरेखीखाली खाडीपलीकडे अलिबागला नवी जागा उभी राहिली. कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणून तो चालला नाही. पोरबंदरचा दगड आणला, आणि लोखंडाला इमारतीत थारा न देता तांब्या-पितळेवर भागवलं. एप्रिल १९०४ ते मार्च १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी नेमकी जोडता येईल. नंतर कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. मुंबईत विजेची ट्राम धावली ती मे १९०७ मध्ये.

ही हकिगत आठवली की मला दर वेळी भरून येतं. शहराला ट्राम हवी होती, ती मिळाली. विज्ञानाला शांतता हवी होती, तीही मिळाली. कुणी कुणाला अडवलं नाही, आणि साठ वर्षांच्या नोंदी वाया जाऊ नयेत म्हणून दोन वर्षांचं दुहेरी काम अंगावर घेतलं गेलं. अलिबागची मालिका आजही चालू आहे. १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली, तिचं मुख्यालय आता नवी मुंबईत, नवीन पनवेलला आहे. मार्च १९८९ मध्ये सूर्याच्या अशाच वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज कित्येक तास घालवली. उपग्रह आणि विजेच्या जाळ्यांवर चालणाऱ्या आजच्या जगात या कंटाळवाण्या वाटणाऱ्या आकड्यांची किंमत काय, ते अशा वेळी कळतं. विकसनशील देशाकडे पैसा कमी असतो, पण चिकाटीने नोंद ठेवायला फार पैसा लागत नाही. लागते ती परंपरा.

तशीच परंपरा या किनाऱ्यावर आणखी एका ठिकाणी होती. ती आपण मोडू दिली.

पेण, अलिबाग, उरण, पनवेलची खारजमीन समुद्राकडून मिळवलेली आहे. खाडीच्या काठाने मातीचे बांध घालायचे, समुद्राकडच्या अंगाला दगड लावायचे आणि मधे उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे असं दार, की भरतीला समुद्राच्या दाबाने ते बंद होतं आणि ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं. पावसाने मीठ धुऊन नेलं की मोड आणलेलं बी चिखलात फेकायचं. काळा राता, भुरा राता या खारट जमिनीत तग धरणाऱ्या भाताच्या जाती. कुठलाही पंप नाही, वीज नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारं हे तंत्रज्ञान शेकडो वर्षं या किनाऱ्याला जेवू घालत होतं.

त्याची राखण सामाईक होती. उधाणाच्या दिवसांत बांधाला खांड पडली तर सगळं गाव चिखलात उतरायचं. पण जमीन खोत-सावकारांची आणि घाम कुळांचा. या अन्यायाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शेत कसायलाच नकार दिला. तो संप जवळजवळ सहा वर्षं चालला आणि त्याने कूळकायद्याची वाट मोकळी केली. कुळं मालक झाली. व्हायलाच हवी होती. पण मैलभर लांबीच्या बांधाचा मालक कोण, हा प्रश्न तसाच राहिला. १९४८ मध्ये खारजमिनींसाठी कायदा आला, १९७९ मध्ये नवा आला, खारभूमी खातं आलं. बांध सरकारी झाला की खांड बुजवायला निविदा लागते. भरती निविदेसाठी थांबत नाही. एकदा खारं पाणी आत घुसलं की जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. तेवढ्यात दुसरी खांड. शेत पडीक, तिथे कांदळवन उगवतं, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी. किनाऱ्यासाठी ती बंदी योग्यच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भात आणि शेतात तिवरं, त्याने काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच खात्याकडे नाही.

दरम्यान पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रात मीठ सोसणाऱ्या भातावर काम झालं. पनवेल १, २ आणि ३ या जाती तिथल्याच. हे काम मोलाचं आहे. मात्र बीज कितीही सुधारलं तरी उघाडीचं कुजलेलं फळकूट बदलणारा हात ते निर्माण करू शकत नाही. खारबांधाच्या गावांना राखणीचा पैसा आणि अधिकार एकत्र दिला, तर या किनाऱ्याचं हजारो एकर भात परत उभं राहील असं मला मनापासून वाटतं.

समुद्रावरची गोष्ट थोडी वेगळी. हैदराबादचं महासागर माहिती केंद्र उपग्रहांवरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य मोजून मासळी कुठे मिळेल याचा अंदाज कोळ्यांपर्यंत पोचवतं. दूर जाणाऱ्या नौकांचं डिझेल त्याने वाचतं. पण खुंटांना बांधलेलं डोल जाळं मासळीच्या मागे जात नाही. ते प्रवाहात एका जागी उभं राहतं आणि बोंबील, जवळा त्यात येतो. डोलकरासाठी उपग्रहाने काय सांगावं, हे अजून कुणी डोलकराला विचारून ठरवलेलं मला दिसत नाही.

३ जून २०२० रोजी मात्र आकाशातलं विज्ञान शेवटच्या घरापर्यंत पोचलं. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला धडकलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं, होड्या परतल्या होत्या, करोनाच्या टाळेबंदीतही हजारो माणसं पक्क्या इमारतींमध्ये हलवली गेली. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसं नेली होती. त्या धड्यावर देशाने जी यंत्रणा उभी केली, तिचं फळ रायगडला मिळालं.

माणसं वाचली, वाड्या गेल्या. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. विजेचे खांब मोडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले. काही गावांत दिवे लागायला आठवडे गेले. श्रीवर्धनच्या ‘रोठा’ सुपारीची ख्याती मोठी, तिथे कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही आहे. पडलेल्या वाड्यांमध्ये लोकांनी रोपं लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते. तोवर मधल्या ओळींत केळी, मिरवेल, काही ठिकाणी जायफळ. त्या पावसाळ्यात लावलेल्या पोफळी आता डोक्याच्या वर गेल्या आहेत, आणि वाडीवाल्या आजी रोज सकाळी पाट सोडताना मान वर करून पहिली पोय कधी फुटते ते बघतात.