पायडल नंतर लावू

तीन वर्षांच्या मुलासाठी सायकल घ्यायला गेलं की दुकानदार बहुधा एकच प्रकार पुढे करतो: बारा इंची चाकं, भडक रंग, पुढे बास्केट आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना सपोर्टची छोटी चाकं. मूल वर बसतं, पायडल मारायला लागतं आणि घरच्यांना वाटतं, आलं की चालवायला! पण त्या घडीला ते मूल चार चाकांची गाडी पायांनी हाकत असतं. सायकल येणं म्हणजे तोल येणं, आणि तोलाचं सगळं काम त्या दोन जादा चाकांनी आपल्याकडे घेतलेलं असतं.

हे बारकाईनं पाहायला हवं, कारण पुढचा सगळा विचार यावर उभा आहे. दुचाकी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला तिचं हँडल वळलं, तर चाकं पुन्हा शरीराच्या वजनाखाली येतात आणि पडणं टळतं. सरळ रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा सतत असा किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे वळत असतो. त्याला ते कळतही नाही. चाकांच्या गरगर फिरण्यामुळेच सायकल उभी राहते, असं पुष्कळांना शाळेत सांगितलेलं आठवेल. १९७० साली डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञानं उलट फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळजवळ रद्द केला, तरी सायकल चालवता आली. २०११ मध्ये हॉलंडचं डेल्फ्ट विद्यापीठ आणि अमेरिकेचं कॉर्नेल विद्यापीठ इथल्या संशोधकांनी अशी छोटी दुचाकी बनवली, की जिच्यात तो परिणामही नव्हता आणि पुढच्या चाकाची नेहमीची मागे ओढली जाणारी ठेवणही नव्हती. तीही ढकलून सोडली की आपली आपण तोल सावरत जायची. कलेल तिकडे हँडल वळणं हा गुण मात्र तिच्यात होता.

सपोर्टची चाकं सायकलला कलूच देत नाहीत. मग कलल्यावर हँडल कुठे वळवायचं हे मुलानं शिकायचं कधी? उलट वळणावर त्याचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं आणि दुचाकीवर हीच सवय पाडते. शिवाय रस्ता जरा खोलगट असला की ती चाकं टेकतात आणि मागचं चाक अधांतरी फिरत राहतं. दोन-तीन वर्षांनी सपोर्ट काढला की शिक्षण पहिल्यापासून सुरू, आणि एव्हाना मूल उंच झालेलं, पडायला घाबरणारं. लिस्बनच्या संशोधकांनी लोकांना सायकल कशी आणि कधी आली ते विचारून पाहणी केली. बिनपायडलच्या सायकलवर सुरुवात केलेल्यांना साधारण चौथ्या वर्षी सायकल आली होती. सपोर्टवाल्यांना सहाच्या आसपास.

माणसाच्या इतिहासातही हाच क्रम आहे. १२ जून १८१७ रोजी कार्ल फॉन ड्रैस जर्मनीतल्या मानहाइममधून आपलं नवं लाकडी यंत्र घेऊन निघाला. एकामागे एक दोन चाकं, मध्ये बैठक, पुढे हात टेकायला गादी लावलेली फळी आणि वळवता येणारं पुढचं चाक. वजन वीस किलोंच्या वर. पायडल नाही, चेन नाही. जमिनीवर पाय मारत मारत तो शेजारच्या श्वेट्सिंगेनच्या वाटेवर कित्येक किलोमीटर जाऊन परत आला, आणि घोडागाडीच्या टपालापेक्षा लवकर आला. दोन चाकांवर माणूस तोल सांभाळू शकतो हे त्या दिवसानं दाखवलं. पुढच्या चाकाला पायडल लागून ते यंत्र पॅरिसमध्ये लोकप्रिय व्हायला १८६०चं दशक उजाडलं. म्हणजे तोल आधी आला, पायडल चार-पाच दशकांनी.

मुलांच्या सायकलीत हा क्रम परत आला तो १९९७ साली, पुन्हा जर्मनीतच. रोल्फ मेर्टेन्स या डिझायनरनं लाकडाची छोटी धावती सायकल बनवली आणि ती 'लाइकअबाइक' नावानं बाजारात आली. २००७ मध्ये अमेरिकेत रायन मॅकफार्लंडनं आपल्या दोन वर्षांच्या मुलासाठी लहान सायकलचं पायडल, चेन, क्रँक सगळं काढून टाकलं आणि त्यातून 'स्ट्रायडर' उभी राहिली. आज अशा सायकलींना आपल्याकडेही बॅलन्स बाइक म्हणूनच ओळखतात. मूल सीटवर बसतं, दोन्ही तळवे जमिनीला टेकतात, चालतं, पळतं, मग उतारावर पाय उचलून घरंगळतं.

अडचण इतकीच, की चौथं-पाचवं वर्ष आलं की ही सायकल माळ्यावर जाते आणि पायडलची दुसरी घ्यावी लागते. म्हणून कुणाच्याही मनात येईल असा विचार: एकच सायकल घ्या, आधी पायडल काढून ठेवा, तोल आला की लावा. विचार एका वाक्यात मावतो. तो लोखंडात उतरवायला बसलं की कळतं, पायडल काढणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. काढल्यावर जी उरते ती सायकल धावायला योग्य राहायला हवी, आणि तिथेच डिझायनरची परीक्षा असते.

आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांकडे मी भाचीची सोळा इंची सायकल घेऊन गेले, तेव्हा त्यांनी हे एका मिनिटात दाखवलं. पंधरा नंबरचा पाना घेऊन त्यांनी दोन्ही पायडलं काढली आणि भाचीला सायकल हातात धरून नुसतं चालायला सांगितलं. मोकळा क्रँक फिरून तिच्या नडगीला लागला. "बघा ताई, पायडल गेलं तरी दांडा तिथंच. पोर पळायला लागली की हा रोज लागणार," काका म्हणाले. मग त्यांनी चेन उतरवली, डावीकडचं नट सोडलं, कोन काढला आणि अख्खा क्रँक तिरका करत उजवीकडून बाहेर ओढला. स्वस्तातल्या लहान सायकलींना बहुधा असाच क्रँक असतो: डावा दांडा, मधला आस आणि उजवा दांडा मिळून वाकवलेली एकच सळई. तो सुटतो, पण सोबत ग्रीस माखलेले छर्रेही बाहेर येतात. ते सगळं एका डब्यात जपून ठेवावं लागतं आणि उघड्या पडलेल्या नळकांड्याची तोंडं बंद करावी लागतात. इतकं करूनही ते जाड नळकांडं मुलाच्या घोट्यांच्या मध्ये राहतंच. मोठ्या माणसाला ते जाणवणार नाही. तीन वर्षांच्या मुलाची कंबरच अरुंद, पळताना त्याचे घोटे एकमेकांच्या अगदी जवळून जातात.

रुंदीपेक्षाही अवघड गोष्ट उंचीची. धावत्या सायकलवर मुलाचे दोन्ही तळवे पूर्ण टेकून गुडघे किंचित वाकलेले हवेत. म्हणजे सीट त्याच्या पायाच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली. (हे माप घ्यायला मुलाला बूट घालून भिंतीशी उभं करायचं, पायांच्या मध्ये एक पुस्तक वर सरकवायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करायची. वयावरून सायकल घेण्यापेक्षा हे हजारपट चांगलं.) समजा माप ३५ सेंटिमीटर आलं. सीट ३२ वर लागेल. आता पायडलकडून हिशेब करू. लहानात लहान क्रँक घेतला तरी नऊ सेंटिमीटर लांब. पायडल खाली आल्यावर जमिनीपासून सात-आठ सेंटिमीटर मोकळं राहायला हवं, नाहीतर वळणावर ते घासून मूल आपटेल. पायडलाची जाडी धरली, तर क्रँकचं केंद्र जमिनीपासून साधारण १८ सेंटिमीटरवर येतं. तेच पायडल वर गेलं की त्याचा माथा २८ च्या पुढे. सीट ३२ वर! गुडघा छातीला लागेल, पाय फिरणारच नाही.

म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची धावती सायकल आणि पाच वर्षांच्या मुलाची पायडलची सायकल एकाच साध्या फ्रेममध्ये बसत नाहीत. हे मान्य केल्यावरच चांगली डिझाइनं सुचली आहेत. 'स्ट्रायडर'नं आपल्या १४ इंची सायकलमध्ये अगदी लहानांचा नाद सोडला. ती सायकल तीन वर्षांच्या पुढच्यांसाठी ठेवली आणि क्रँक, चेन, पायडल हे सगळं एक वेगळं किट म्हणून फ्रेमला बोल्टनं जोडता येईल असं केलं. किट नसताना मध्ये जाड नळकांडं उरत नाही. मला हा निर्णय फार पटतो. आयर्लंडच्या 'लिटलबिग'नं दुसरी वाट धरली. तिच्या फ्रेमचे दोन भाग आहेत. ते सोडून उलटे जोडले की सायकल उंच होते. म्हणजे आधी छोटी धावती, मग मोठी धावती आणि शेवटी पायडलची. कल्पना सुंदर आहे, मात्र मूल बसणार त्या फ्रेमचा मुख्य सांधा घरी पालकांनी सोडायचा-आवळायचा, हे मला थोडं धाकधुकीचं वाटतं. तो सांधा चुकीचा बसणारच नाही अशी रचना लागते आणि त्याला खर्च येतो.

घरच्या पान्याचा विषय निघालाच आहे तर आट्यांबद्दल बोललं पाहिजे. उजव्या पायडलाचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. पायडल मारताना आसावरचा दाब गोल फिरत राहतो आणि नेहमीचे आटे असलेलं डावं पायडल त्यामुळे हळूहळू सैल होत जातं. उलटे आटे ते टाळतात. विमानाच्या आधी सायकली बनवणाऱ्या राइट बंधूंनी १९०० साली अशा पायडलांची जाहिरात केली होती. लक्षात ठेवायला सोपं: पाना पायडलवर उभा धरला, तर त्याचं वरचं टोक पुढच्या चाकाकडे ढकललं की दोन्ही बाजूंना पायडल आवळतं, मागे ओढलं की सुटतं. डावं पायडल उजवीकडे लावायचा प्रयत्न जोरानं केला, तर क्रँकचे आटे मरतात. क्रँक अॅल्युमिनियमचा आणि पायडलचा आस पोलादी असेल, तर एकाच झटक्यात. शिवाय एकसंध क्रँकला अर्ध्या इंचाचे आटे असतात आणि तीन तुकड्यांच्या क्रँकला नऊ-सोळांश इंचाचे, म्हणून हरवलेल्या पायडलाच्या जागी दुकानातलं कुठलंही चालत नाही. मोठ्यांच्या सायकलींसाठी बिनपान्याची, खटक्यानं निघणारी पायडलं जपानी कंपन्या बनवतात. मुलांच्या सायकलला त्याची गरज मला दिसत नाही. हा बदल रोज करायचा नसतो. करायचा तेव्हा तो चुकता कामा नये, एवढं साधलं तरी पुरे.

ब्रेकचं काय? बिनपायडलच्या काळात मूल पायांनीच थांबतं. चपला-बूट झिजतात, झिजू द्यावेत. पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक अमेरिकेत सर्रास असतो. तिथल्या नियमाप्रमाणे लहान मुलांच्या सायकलची सीट अगदी खाली असताना ५६० मिलिमीटर किंवा त्याहून उंच असेल, तर पायाचा ब्रेक बंधनकारक आहे. पण पायडल नसताना तो ब्रेक निकामी, आणि पायडल लावल्यावर नवशिक्याची अडचण करणारा. सुरुवात करताना पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणावं लागतं, तर तिथे तो अडतो. म्हणून मागच्या चाकाला हाताचा ब्रेक पहिल्यापासून असावा, त्याचा दांडा चिमुकल्या बोटांना पोचेल इतका जवळ आणि हलका असावा, असं माझं ठाम मत आहे. युरोपातही गंमतशीर पेच आहे. सीट ४३५ मिलिमीटरपर्यंत असलेली सायकल तिथे खेळणं ठरते, त्यापुढे ६३५ पर्यंत ती लहान मुलांची सायकल ठरते आणि नियम कडक होतात. पायडल लागणारी सायकल आपल्या आयुष्यात ही रेषा ओलांडते, म्हणून तिला खेळण्याच्या निकषांवर भागवता येत नाही.

वजनाकडे आपल्याकडे कुणी पाहतच नाही. तीन वर्षांचं मूल साधारण तेरा-चौदा किलोचं. लोखंडी बारा इंची सायकल सपोर्ट, बास्केट, कॅरिअर धरून सात-आठ किलोंवर सहज जाते. साठ किलोच्या बाईनं तीस-पस्तीस किलोची सायकल उचलून वळवण्यासारखंच ते झालं. इंग्लंडमध्ये आयला राउंट्री यांनी २००६ पासून 'आयलाबाइक्स'च्या सायकली बनवताना हाच धागा पकडला: हलकी फ्रेम, मुलाच्या पायाच्या मापात क्रँक, दोन पायडलांमधलं अंतर कमी. किंमत वाढली, पण मुलांच्या सायकलींकडे पाहण्याची दृष्टी त्यांनी बदलली.

लुधियानाच्या सायकल कारखान्यांनी आपल्या घरांसाठी अशी पायडल नंतर लागणारी सायकल करायची ठरवली, तर तिच्यात काय हवं हे मला अगदी स्पष्ट दिसतं. चाकं चौदा इंची, हवेच्या ट्यूबची, कारण आपल्या गल्ल्यांतल्या खडीवर फोमची चाकं टणाटण उडतात. सीटची दांडी लांब, म्हणजे ३५ पासून ४८ सेंटिमीटरपर्यंत सीट वर-खाली व्हावी. क्रँक-चेनचं किट वेगळ्या खोक्यात, चार बोल्टांनी बसणारं, पंक्चरवाल्याकडच्या पान्यांनी लागेल असं. पावसाळ्यातला चिखल आत जाणार नाही अशी बंद बेअरिंगं. सपोर्टची चाकं लावायला जागाच नको. सोबत एक पान मराठीत, हिंदीत, पंजाबीत: मूल उतारावर दोन्ही पाय उचलून घरंगळत वळायला लागलं, की किट लावा, पहिल्या दिवशी सीट तितकीच खाली ठेवा, म्हणजे त्याला पाय टेकता येतील, पायडल मारणं बसलं की सीट दोन बोटं वर घ्या. आणि डाव्या पायडलावर 'डावं' असं ठळक कोरलेलं असावं.