तबकडी, टोपली आणि वही

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो ‘काय काय पाहिलंत?’ असा. माझी इथेच पंचाईत होते. आमचे चिरंजीव राहतात डे मॉईनला. आयोवा राज्याची ही राजधानी. तिकडे ती विमा कंपन्यांचं शहर म्हणून ओळखली जाते आणि इकडे मुळीच ओळखली जात नाही. समुद्र नाही, नायगारा नाही, डोंगर तर औषधालासुद्धा नाही. गावाबाहेर पडलं की मका, मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपलं की पुन्हा मका. तेव्हा हल्ली मी खरं तेच सांगून टाकतो : ‘रानातल्या झाडांमधून तबकड्या फेकल्या.’ मग विचारणारा घाईघाईने हवापाण्याकडे वळतो.

हा तबकड्यांचा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ. नियम ऐकाल तर पाच मिनिटांत कळतील. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत मारत भोकात घालायचा. इथे हाताने तबकडी फेकत फेकत टोपलीत घालायची. टोपली म्हणजे जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्याला कमरेच्या उंचीवर जाळीची परडी आणि वरून गोलाकार लोंबणाऱ्या साखळ्या. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती परडीत पडते. आवाज अगदी आपल्या झोपाळ्याच्या कड्यांसारखा होतो. टोपली असते साधारण अडीचशे-तीनशे फुटांवर, आणि मध्ये झाडं, ओढा, उतार, जे काही निसर्गाने टाकलं असेल ते. तबकडी पडली तिथून पुढची फेक. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या, आणि कमीत कमी फेकींत ज्याच्या संपतील तो जिंकला.

तबकडी फेकण्याची माणसाची हौस तशी जुनीच. कॅनडात सस्कॅचवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ या खेड्यात १९२६ साली शाळकरी पोरांनी डब्यांची झाकणं फेकून गोल्फ मांडला होता. अमेरिकेत फ्रेड मॉरिसन नावाचा तरुण १९३०च्या दशकाच्या अखेरीस पाच सेंटला मिळणारा केक भाजायचा डबा समुद्रकिनाऱ्यावर पंचवीस सेंटला विकत असे, कारण तो छान उडायचा! पुढे त्याने प्लॅस्टिकची तबकडी केली, १९५७ साली ‘व्हॅम-ओ’ कंपनीने ती घेतली आणि तिचं फ्रिझ्बी झालं. त्याच कंपनीतले एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली पहिलं कायमचं मैदान उभं केलं. सुरुवातीला नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायचे, ते मिटवायला त्यांनी साखळ्यांची टोपली शोधून काढली. २००२ साली ते वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळण्यात आली. काशीला नको, गंगेत नको, तबकडीत! आमच्या सौ.ला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त माझ्या तोंडाकडे पाहिलं.

आज या खेळाची मैदानं जगभर दहा हजारांच्या वर आहेत. फिनलंडसारख्या थंड देशात तर तो घराघरात पोहोचला आहे. २०२०च्या साथीच्या काळात बंद दाराआड खेळायचे खेळ थांबले, हा मात्र वाढला. बहुतेक मैदानांवर प्रवेशाला पैसे पडत नाहीत. गोल्फच्या हिरवळीसारखं पाणी पाजावं लागत नाही, झाडं तोडावी लागत नाहीत. उलट झाडं हवीच असतात. त्यामुळे ओढ्याकाठची, उताराची, नांगर न चालणारी जमीन या खेळाला जावई मिळाल्यासारखी मिळते.

नातू तेरा वर्षांचा. त्याचं मराठी ‘आबा, जेवायला चला’ इथून सुरू होतं आणि तिथेच जवळपास संपतं. माझ्या इंग्रजीचा प्रवास त्याच्या उलट्या दिशेचा. त्याच्याजवळ वीस-बावीस तबकड्या होत्या आणि रविवारी मला तो खेळायला नेणार असं जाहीर झालं. शहरातल्या मैदानावर मात्र नाही, तासाभराच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. ‘तिथे कुणी नसतं,’ तो म्हणाला. ही माझ्या गुडघ्यांची काळजी होती की मित्रांनी मला पाहू नये याची, हे मी विचारलं नाही. काही प्रश्न नातवंडांना विचारू नयेत.

खरंच कुणी नव्हतं. आयोवात नव्व्याण्णव काउंट्या. काउंटी म्हणजे आपला जिल्हा म्हणा, आकाराने तालुका. प्रत्येक काउंटीचं एक निसर्ग मंडळ असतं आणि त्याची अशी छोटी छोटी उद्यानं असतात. हे त्यांतलंच. एका बाजूला पुरुषभर उंच मका, दुसऱ्या बाजूला ओढा, मध्ये ओक आणि अक्रोडाची जुनी झाडं. मुलगा बाकावर बसून फोनवर बोलत राहिला आणि आम्ही दोघं निघालो.

वापरातल्या मैदानावर खेळणं आणि ओस मैदानावर खेळणं यांतला फरक तासाभरात कळतो. वापरातल्या जागी माणसांच्या पायांनीच पायवाटा झालेल्या असतात. तुम्ही नुसते चालत राहिलात तरी पुढची टोपली सापडते. इथे पाट्यांवरची अक्षरं उन्हाने उडालेली, बाण कुठल्या कुठे वळलेला. तिसऱ्या टोपलीनंतर चौथीची सुरुवात शोधण्यात आमची वीस मिनिटं गेली. ती सापडली झुडपामागे : सिमेंटचा एक चौथरा, आणि त्यावर सिमेंट ओलं असताना उमटवलेले मुलांच्या हातांचे ठसे. दहा-बारा तरी असतील. नातवाने आपला पंजा एकावर ठेवून पाहिला. त्याचा मोठा झाला.

नातवाने मला शिकवलं. तबकडी आपल्या समजुतीतल्या फ्रिझ्बीहून लहान आणि जड असते, वीतभर रुंद आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. कडा धारदार उतरती. ही कडा १९८३ साली आली आणि त्यानंतर तबकड्या लांब जाऊ लागल्या. लांब पल्ल्याची वेगळी, मधल्या पल्ल्याची वेगळी, टोपलीत टाकायची वेगळी. उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलीत की शेवटी वेग कमी होताना ती डावीकडे कलते. म्हणून नेम टोपलीवर धरायचा नाही, टोपलीच्या उजवीकडच्या झाडावर धरायचा. हे मला चार-पाच तबकड्या मक्यात घालवल्यावर उमगलं. ताकद लावली की ती डगमगते, आणि धोतर पिळून झटकावं तसा नुसता मनगटाचा झटका दिला की सरळ जाते. लहानपणी नदीवर चपटे दगड पाण्यावरून उडवत असू. बरोबर तोच हात. साठ वर्षांनी तो हात जागचा हलला आणि तबकडी दोन ओकांमधून निघून गेली तेव्हा नातू ‘आबा!’ एवढंच म्हणाला.

गवत गुडघ्याएवढं. पायमोजे पँटवर ओढून घ्यायचे, कारण गोचिडी. तीन-तीन पानांची एक वेल झाडांवर चढलेली दिसली की हात लावायचा नाही. तिला तिकडे पॉयझन आयव्ही म्हणतात, अंगाला लागली की फोड येतात. आपला बिब्बा आणि ही वेल एकाच कुळातली, आणि आंबाही त्याच कुळातला, हे मी त्याला सांगितलं. आंबा त्याच्या ओळखीचा होता, बिब्बा नव्हता. मध्येच लाल खांद्याचा एक काळा पक्षी माझ्या टोपीवर दोनदा झडप घालून गेला. जवळपास त्याचं घरटं असावं. तबकडी गवतात पडली की ती शोधण्यातच खेळाचा निम्मा वेळ. आम्हाला आमची सापडायची नाही आणि दुसऱ्याच कुणाची तरी सापडायची. तबकडीच्या पाठीवर खेळाडू आपला फोन नंबर लिहून ठेवतात, सापडली तर लोक फोन करून परत देतात. आम्हाला सापडलेलीवरचा नंबर मात्र पावसाने धुऊन नेला होता.

दहाव्या टोपलीपासून गवत अचानक कापलेलं लागलं. पुढे यंत्राचा आवाज आला. गवतकापणीच्या गाडीवर बसलेले एक गृहस्थ, ऐंशीच्या आतबाहेरचे, डोक्यावर बियाण्यांच्या कंपनीची टोपी. आम्हाला पाहून त्यांनी यंत्र बंद केलं. पूर्वी ते शेतकरी होते. अठराही टोपल्यांचं गवत कापणं आता झेपत नाही, म्हणून एका आठवड्यात अर्धं, पुढच्या आठवड्यात उरलेलं. पैसे कुणी देत नाही. ते ठसे पलीकडच्या शाळेच्या मुलांचे. शाळा पुढे शेजारच्या गावच्या शाळेत मिळवली गेली आणि इमारत रिकामी राहिली. मुलं गेल्यावर खेळणारे गेले. येत्या नोव्हेंबरात मंडळाची बैठक आहे; टोपल्या उपटून काउंटीच्या मुख्य गावी नव्या उद्यानात न्यायच्या, असं चाललंय. ‘वही बघून ठरवतील,’ ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडेल म्हणावं तसं म्हणाले.

वही पहिल्या चौथऱ्याशी टपालपेटीसारख्या एका डब्यात होती. येताना आम्ही ती उघडलीच नव्हती. तारीख, नाव, गाव. जूनच्या पानावर अकरा नोंदी, आणि त्यांतल्या दोन त्या गृहस्थांच्या. गवत कापायला ते दर आठवड्याला येत होते, पण सही खेळले त्या दोन दिवशीच केली होती.

नातवाने पेन हातात घेतलं आणि डोळे बारीक केले. ‘आबा, तुम्ही एकदा मराठीत लिहा, एकदा इंग्रजीत. दोन माणसं होतील. मी माझ्या सगळ्या मित्रांची लिहितो.’

हे ऐकून दुसरा कुणी आजोबा हसला असता. मला हसू आलं नाही, कारण मी हे करून बसलो आहे. तालुक्याच्या गावी एका सार्वजनिक वाचनालयाचा मी कित्येक वर्षं मानद चिटणीस होतो. १९६७च्या कायद्याखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान. आमचा वर्ग ‘ब’. एका वर्षी तपासणी आली आणि वाचनकक्षाचं हजेरीपुस्तक रिकामं. ‘क’मध्ये उतरलो तर ग्रंथपालाचा पगार कुठून द्यायचा? दोन रात्री बसून तीन रंगांच्या पेनांनी मी गावातली नावं भरली. तपासणी झाली, शिक्का बसला. नंतर आमच्या शिपायाने एक पान माझ्यासमोर धरलं. दिवाळीत वारलेले एक गृहस्थ माघात वर्तमानपत्र वाचून गेले होते.

वर्ग टिकला. पण पुढच्या सभेत मी म्हणालो, ‘वाचक येत नाहीत, संध्याकाळी उशिरापर्यंत कक्ष उघडा ठेवू या’. तेव्हा एका सभासदाने तेच पुस्तक उघडून दाखवलं. ‘अहो, येतायत की एवढे!’ मला बोलता येईना. कक्ष पाचला बंद होत राहिला आणि रिकामाच राहिला.

हे सगळं मी नातवाला माझ्या इंग्रजीत सांगितलं. वारलेल्या गृहस्थांपर्यंत आलो तेव्हा तो खो-खो हसला, आणि मग हसायचा थांबला. मेलेला माणूस आला म्हणून कुणी रागावलं का, असं त्याने विचारलं. कुणीच नाही, मी म्हटलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. हे त्याला जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

थोडा वेळ तो वहीकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, ‘दोनदा खेळलो तर दोनदा लिहिता येईल?’ मला यात काही खोट दिसली नाही. गुडघ्यांना दिसली. मुलाला हाका मारून आणखी दीड तास मागून घेतला. दुसऱ्या फेरीत वाटा ठाऊक झाल्या होत्या, म्हणजे आमच्याच पायांनी गवत जरा दबलं होतं. सहाव्या टोपलीनंतर मी एका ओंडक्यावर बसलो आणि त्याने पुढच्या बारा एकट्याने केल्या. लांबून अधूनमधून साखळ्या वाजल्या की कळायचं, झाली एक.

परत आल्यावर त्याने दोन ओळी लिहिल्या. माझ्या दुसऱ्या ओळीपुढे कंसात ‘फक्त सहा’ अशी नोंद त्याने स्वतःहून केली. मी देवनागरीत सही केली. टोपीवाले गृहस्थ वाकून पाहत होते. ही कुठली लिपी, त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी ते अक्षर बोटाने एकदा गिरवलं, वही डब्यात ठेवली आणि यंत्राकडे गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी माझं विमान होतं. आता दर रविवारी रात्री फोन येतो. पूर्वी आजीशी दोन वाक्यं आणि मग ‘बाबांना देतो’ एवढंच असायचं. आता मला तो वहीचा हिशेब देतो, मराठी-इंग्रजीची भेळ करून. परवा म्हणाला, ऑक्टोबरच्या पानावर सोळा नोंदी झाल्या, त्यांतल्या पाच त्याच्या आणि चार त्याच्या मित्रांच्या.

‘मित्र खरंच आले होते?’ मी विचारलं.

‘आबा!’ तो म्हणाला, आणि मग एकेकाने किती फेकींत संपवलं ते सांगत बसला.