पित्ताच्या गोळीआड दडणारा कर्करोग

पोटात जळजळ झाली, आंबट ढेकर आले की औषध दुकानातून पित्ताची गोळी आणायची, हा नांदेड-लातूर भागातला रोजचा उपाय. बहुतेकांना त्याने गुणही येतो. पण जठराच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच साध्या पित्तासारखी होऊ शकते. गोळीने आम्ल कमी होते, कर्करोगाची जखमही काही काळ भरल्यासारखी दिसते आणि निदान लांबते.

रोग जठराच्या आतल्या अस्तरापुरता किंवा त्याखालच्या थरापुरताच असेल, तर त्याला सुरुवातीचा कर्करोग म्हणतात. ही व्याख्या जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्ये केली. या टप्प्यावर योग्य उपचार झाले तर दहापैकी सुमारे नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. काहींमध्ये तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच रोगट भाग सोलून काढता येतो.

अडचण अशी की, या वेळी गाठ नसते. असतो तो फिकट किंवा लालसर डाग, किंचित खोलगट भाग. तो सोनोग्राफीत दिसत नाही. दुर्बिणीच्या पांढऱ्या प्रकाशातही तो नजरेतून निसटू शकतो. म्हणून नव्या दुर्बिणींत निळ्या-हिरव्या प्रकाशाची सोय असते. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते आणि अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या ठळक दिसतात. त्यांची ठेवण बिघडलेली दिसली की शंका येते. इंडिगो कार्माइन हा निळा रंग फवारला तर खाचखळगेही उठून दिसतात.

मात्र अंतिम निदान तुकडा तपासणीनेच होते. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी होते. आपल्याकडे अशी योजना नाही. त्यामुळे लक्षणे ओळखणे महत्त्वाचे. वजन घटणे, थोडे खाल्ले तरी पोट गच्च होणे, गिळताना अडकणे, वारंवार उलट्या, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी होणे, यांपैकी काही असेल किंवा पन्नाशीनंतर पित्ताचा त्रास नव्याने सुरू झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात सल्ला घेता येईल.

तपासणीआधी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधी सांगावे. पित्ताच्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवस घेतल्या, हेही लपवू नये.