पडद्यावरची पाखरं : थव्याकडून पिसाकडे

संगणकाला आधी थवा जमला, पक्षी फार उशिरा. 1987 साली क्रेग रेनॉल्ड्स यांनी ‘बॉइड्स’चा शोधनिबंध मांडला, तेव्हा त्यांचे पक्षी म्हणजे नुसत्या साध्या आकृत्या होत्या. शेजाऱ्याला धडकायचं नाही, तो चाललाय त्याच दिशेनं जायचं, घोळक्यापासून फार लांब पडायचं नाही. एवढ्या तीन नियमांवर त्या आकृत्या खऱ्या थव्यासारख्या वळायच्या. 1992च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधली वटवाघळं याच वाटेनं आली. पुढे रोममधल्या स्टार्लिंगच्या थव्यांचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की प्रत्येक पक्षी जेमतेम सहा-सात शेजाऱ्यांचा अंदाज घेत उडतो. हिवाळ्यात सोलापूरकडे तिन्हीसांजेला भोरड्यांचे थवे पाहिलेल्या माणसाला हे सहज पटेल.

पण थवा लांबून बघायचा असतो. जवळ गेलं की पीस दिसतं, आणि घोडं तिथंच अडलं.

केस म्हणजे एक रेघ. पिसाला मधली काडी, तिच्या दोन्ही अंगांना तंतू, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू आणि ते एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे. शिवाय बहुतेक पक्ष्यांच्या अंगावर पिसं वाटेल तिथून उगवत नाहीत. त्यांचे ठरावीक पट्टे असतात, मधली कातडी उघडीच. पिसं कौलांसारखी एकावर एक चढलेली असतात म्हणून ती झाकली जाते. सुरुवातीच्या मॉडेलांत यातलं काही नसे. गुळगुळीत देह, त्यावर चढवलेलं टेक्श्चर म्हणजे पिसांचं सपाट चित्र आणि कडेला चिकटवलेल्या पारदर्शक पट्ट्या. 1995 मध्ये आलेल्या ‘पोझर’ आणि पुढे ‘डॅझ स्टुडिओ’ या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या हौशी जगात हीच रीत चालली. केन गिलिलँड यांची ‘साँगबर्ड रीमिक्स’ ही मालिका अशाच काटकसरीतून वाढली: मूळ मॉडेल एक, मग चोच लांबवायची, डोकं फुगवायचं, टेक्श्चर बदलायचं आणि त्यातून जातीमागून जाती काढायच्या. मला ही रीत आजही आवडते. करणारा पक्षीवेडा असेल तर पंखावरचा पट्टा आणि डोळ्याभोवतीचं कडं जागच्या जागी येतं, आणि पक्षी ओळखायला तेवढं पुरतं. अडचण व्हायची ती पक्ष्यानं मान वळवल्यावर. कातडीबरोबर टेक्श्चर ताणलं जायचं आणि छातीवरचे ठिपकेही लांबट व्हायचे.

खरी पिसं उगवली ती सिनेमावाल्यांच्या पैशावर. 2002च्या ‘स्टुअर्ट लिटल 2’मधली मार्गालो ही पक्षीण, मग 2010 मध्ये सिडनीच्या अ‍ॅनिमल लॉजिकनं केलेली ‘लेजंड ऑफ द गार्डियन्स’मधली घुबडं. त्या सिनेमाची गोष्ट विसरली तरी बिघडत नाही, पण वाऱ्यात थरथरणारा गव्हाणी घुबडाचा चेहरा विसरता येत नाही. 2016 मध्ये पिक्सारचा ‘पायपर’ आला. लाटेमागे धावणाऱ्या सँडरलिंगच्या पिल्लाची ती सहा मिनिटांची गोष्ट. हा पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकणकिनारीही येतो. त्या पिल्लाच्या अंगावर 45 ते 70 लाख पिसं असल्याचं तेव्हा छापून आलं. खऱ्या छोट्या पक्ष्याला दोन-तीन हजारांत भागवावं लागतं! मला त्या आकड्याचं अप्रूप नाही. ‘पायपर’ खरा वाटतो तो ओला झाल्यावर: पिसं चिकटून त्यांची टोकं होतात आणि पिल्लू एकदम निम्मं होतं. 2019च्या ‘द लायन किंग’मधला धनेश झाझूही असाच बघण्यासारखा. त्या सिनेमाच्या कामात एमपीसी या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीच्या बंगळुरूच्या चमूचाही हात होता.

रंगाचं गणित आणखी वेगळं. नीलपंखाच्या पंखात निळं रंगद्रव्यच नसतं. पिसाच्या तंतूंमधल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांमुळे निळा प्रकाश परततो. तरी तो निळा बघण्याच्या कोनानुसार फारसा बदलत नाही, त्यामुळे टेक्श्चरवर निभावतं. शिंजीर निभावू देत नाही. फांदीवर तो काळाच दिसतो, किंचित वळला की गळ्यावर जांभळं-हिरवं पेटतं आणि लगेच विझतं. तो रंग पातळ थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा. तिथं कोनागणिक रंग बदलणारं शेडर, म्हणजे पृष्ठभागाचा रंग-प्रकाश ठरवणारा प्रोग्रॅम, लागतं. ते नसेल तर शिंजीर प्लॅस्टिकचा होतो, मग पिसं कितीही उगवा.

आणि डोळा. दिवसा जागणारे बरेचसे पक्षी झोपताना खालची पापणी वर ओढतात. घुबड उघडझाप करतं ते वरची पापणी खाली आणून. शिवाय सगळ्यांना कडेनं सरकणारा तिसरा पडदा असतोच. माणसासारखी वरची पापणी पाडणारा बुलबुल मी संगणकानं काढलेल्या चांगल्या चांगल्या चित्रांत, म्हणजे रेंडरांत, बघितलाय. 1941 मध्ये सलीम अली यांचं ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं, तेव्हापासून इथं पक्षी ओळखायला शिकलेल्या कित्येक पिढ्यांना असला बुलबुल लगेच खटकेल. रेंडर करणाऱ्यांपैकी किती जण पहाटे दुर्बीण घेऊन बाहेर पडतात, अशी शंका येते.

2022 नंतर मॉडेल, शेडर यांतलं काही न करता एआयला वाक्य टाइप करून पक्षी मिळू लागले. पिसं झकास, प्रकाश झकास. बोटं मात्र मोजून बघावीत: तांबटाची दोन पुढं, दोन मागं हवीत. मोराच्या पिल्लाची अशी चित्रं तर इतकी पसरली, की इंटरनेटवर शोधणाऱ्याला निळाजांभळा, तुरेवाला, पिटुकला मोर दिसू लागला. लांडोरीमागून फिरणारं खरं पिल्लू पिवळट-तपकिरी असतं, गवतात सापडू नये असं.